सोनेगांवची मध्यरात्र

चांद्याच्या अरण्यप्रदेशांतील माणसाला नागपूर म्हणजे मोठें स्टेशन, मोठी बाजारपेठ आणि कोर्टकचेरी. परंतु १९४९ च्या जानेवारीपासून त्या शहराच्या सोनेगांव विमानतळावर मध्यरात्रीं जो व्यवहार चालूं लागला, तो आपल्या दळणवळणाच्या इतिहासांत विसरण्याजोगा नाहीं.

रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असतांना रात्रीच्या हवाई टपालाची योजना अमलांत आली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून एकेक विमान डाकेच्या थैल्या घेऊन निघे. चारहि विमानें नागपुरीं भेटत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि सकाळपर्यंत तीं आपापल्या शहरीं परतत.

यांतील मर्म साध्या हिशेबानें कळतें. चार शहरांच्या जोड्या सहा. जातां-येतां मिळून थेट उड्डाणें बारा लागतील. मध्यभागीं भेट ठरविली कीं आठांत काम भागतें. शहरें दहा झालीं तर नव्वदांच्या जागीं वीस!

मात्र या काटकसरीची एक किंमत असते. मुंबई जवळ, कलकत्ता दूर. म्हणून निघण्याच्या वेळा अंतर पाहूनच बांधाव्या लागतात. इतकें करूनहि एखादें विमान पावसांत अडकलें तर बाकीच्यांनीं काय करावें? थांबावें, तर सगळ्या देशाची डाक खोळंबते; निघावें, तर एका शहराचीं पत्रें दिवसभर मागें पडतात.

पुढें विमानें वाढलीं, आणि कोणतें विमान कोणत्या दाराशीं लावावें हा प्रश्न गणितज्ञांकडे गेला. चार विमानें चार जागीं २४ प्रकारें लावतां येतात. दहा विमानें दहा जागीं ३६,२८,८०० प्रकारें! सगळे प्रकार न तपासतां अशा वांटणींतील उत्तम ती निवडण्याची 'हंगेरियन' रीति हॅरोल्ड कून यांनीं १९५५ सालीं मांडली. परंतु त्या रीतीस प्रत्येक जोडीचा खर्च आधीं ठाऊक असावा लागतो. पाऊस तर कोणास विचारून येत नाहीं. म्हणून वेळापत्रकांत थोडा मोकळा अवकाश राखणें हा आळस नव्हे, शहाणपण होय.

चांद्याची वाट नागपुराहून पुढें आगगाडीची. गडचिरोलीला तर त्या काळीं आगगाडीहि नव्हती. सोनेगांवीं चुकलेला एक तास अशा गांवीं पोंचेपर्यंत एक दिवस होऊं शके. वेळापत्रक आंखणारानें शेवटच्या गांवाचें हें गणित आधीं मांडावें.