लॉगॅरिदमला कंटाळून रानात

परीक्षा जवळ आली, डोकं जड झालं, की गळ्यात कॅमेरा अडकवून एकट्यानेच बोरिवलीच्या रानाकडे किंवा शिवडीच्या खाडीकडे निघायचं, ही आजच्या विद्यार्थ्यांची टूम आहे असं अनेकांना वाटतं. त्यात नवा आहे तो फक्त कॅमेरा. अभ्यासाला पाठ दाखवून रानात हिंडायची चाल त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि त्या हिंडण्यातून मिळणारा विसावाही कॅमेऱ्याने दिलेला नाही. तो आला संग्राहकांच्या, स्पष्टच बोलायचं तर शिकाऱ्यांच्या शिस्तीतून: पाय न वाजवता चालायचं, एका जागी थांबायचं, आणि संध्याकाळी एखादीच गोष्ट घेऊन घरी यायचं.

डार्विन १८२८ ते १८३१ या काळात केंब्रिजला होता. त्याने पाद्री व्हावं असं वडिलांच्या मनात होतं, त्याचं मन मात्र भुंगेऱ्यांत. एकदा झाडाची जुनी साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले. ते त्याने दोन्ही हातांत धरले, तेवढ्यात तिसरा दिसला. उजव्या हातातला त्याने सरळ तोंडात टाकला, आणि त्या किड्याने जिभेवर असा जहाल द्रव सोडला की तो थुंकावा लागला. तिसराही निसटला तो निसटलाच. मुंबईचं उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी चपखल बसतं. १९०८ च्या सुमारास कोवळ्या वयातल्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, तिथे सचिव मिलार्ड यांनी ती ओळखून दिली आणि संग्रहातले पेंढा भरलेले पक्षीही दाखवले. पुढे सेंट झेवियर्समध्ये लॉगॅरिदमने त्यांची अशी गाळण उडवली की पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात तवॉयला, घरच्यांच्या वुल्फ्रॅमच्या खाणीवर गेले. धंदा किती झाला ते सोडा, भोवतालच्या जंगलात पक्षी मात्र मनसोक्त पाहून झाले. परतल्यावर सकाळी दावर कॉलेजात हिशेब आणि कायदा शिकायचा, आणि नंतर फादर ब्लाटर यांच्या आग्रहाखातर झेवियर्समध्येच प्राणिशास्त्राच्या तासांना बसायचं, असा त्यांचा क्रम होता.

कॅमेरा मुंबईत आला तो विरंगुळा म्हणून नाही, अभ्यास म्हणून. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पण हे शिकलेला पोरगा एकटा रानात जाऊ शकत नव्हता. तेव्हाच्या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतायचं, ती रुप्याच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत तिथल्या तिथे धुवायची. म्हणजे अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी हे सगळं बरोबर न्यायचं. सॅम्युअल बोर्नने १८६६ मध्ये हिमालयात सुमारे १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीचे फोटो काढले, त्यामागे हमालांचा तांडाच होता. १८७१ मध्ये मॅडॉक्सने कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली आणि १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला, तेव्हा कुठे हे ओझं उतरलं. 'एकट्याने' हा आपल्याला आज इतका सहज वाटणारा शब्द फोटोग्राफीत रसायनशास्त्राच्या कृपेने आला.

ओझं उतरल्यावर कॅमेरा बंदुकीच्या जागी जाऊन बसला. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो घेतला. तिथल्या शाळकरी पोरांना अंडी पळवण्याचा नाद होता, आणि तो कायद्याने बंद व्हायला पुढे १९५४ उजाडावं लागलं. याच भावांनी पाखरांना संशय येऊ नये म्हणून बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवलं आणि त्या पोकळ बैलाच्या पोटात बसून फोटो काढले. आपल्याकडे वनाधिकारी चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणली. वाघाचा पाय लागला की उजेड पडायचा आणि जनावर स्वतःचाच फोटो काढून जायचं. त्यांचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक १९२७ चं.

यावर कोणी म्हणेल, ही शिकारच झाली, हिच्यात विसावा कसला? आक्षेप निम्मा खरा आहे. मिळवायची हाव बंदुकीतून कॅमेऱ्यात जशीच्या तशी उतरली. पण दबा धरून बसलेल्या माणसाला उद्याच्या पेपरचा विचार करता येत नाही. त्याचे कान आणि डोळे आधीच कामाला लागलेले असतात. रिकाम्या मनाने नुसतं फिरा असं सांगणारे विसरतात की रिकाम्या मनात अभ्यासच आधी शिरतो. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: हे सगळं सुखवस्तू मुलग्यांचं. ते नाकारता येत नाही. वर आलेली सगळी नावं पुरुषांची आहेत, आणि मुलीने एकटीने रानात जाणं आजही घरोघरी वादाचा विषय होतो. पैशाची अडचण मात्र काही अंशी सुटली. बडोद्यात तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक-थ्री अनेक मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटात आला. एका रोलवर बारा फोटो; मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवायची. दूरच्या झाडावरचा पक्षी त्यात ठिपक्याएवढाच यायचा, म्हणून झाड, पाणी, ढग यांवर भागवायचं आणि पाचवा फोटो घेण्याआधी दोनदा विचार करायचा.

डिजिटल कॅमेऱ्याने ही कंजुषी संपवली आणि तिच्याबरोबर थांबणंही संपवलं. आता मुलं चारशे फोटो घेऊन परततात, रात्रभर निवडत बसतात आणि सकाळी कोणाला किती आवडले ते मोजतात, म्हणजे मार्कांपासून पळून पुन्हा मार्कांकडेच. दोष रानाचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. कार्डात हजारांची जागा असू दे. पुढच्या वेळी बाराव्या फोटोला कॅमेरा बंद करून पाहा.