मासिक सभा आणि परिचर्येतील पर्यवेक्षण : चकलांबा परिसराच्या निमित्ताने

गेवराई तालुक्यातील चकलांबा हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 1956 मध्ये मराठवाड्यासह ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर येथील ग्रामीण आरोग्यसेवा बीड जिल्हा परिषदेच्या कारभारात आली. अशा भागातील परिचारिकांच्या पर्यवेक्षणाचा आराखडा मात्र 1973 च्या कर्तारसिंग समितीचा आहे : तिने सहायक परिचारिका-प्रसाविकेला बहुउद्देशीय आरोग्य सेविका ठरवले आणि तीन-चार सेविकांमागे एक पर्यवेक्षिका, म्हणजे आजची आरोग्य सहायिका, असावी अशी शिफारस केली.

पर्यवेक्षणाची याहून वेगळी पद्धत म्हणजे समूह-पर्यवेक्षण : सारखेच काम करणाऱ्या परिचारिकांनी अनुभवी मार्गदर्शकासमोर रुग्णसेवेतील अडचणी मांडून त्यांचा एकत्र विचार करणे. ब्रिटन व स्कँडिनेव्हियात ही पद्धत 1990 च्या दशकात परिचर्येत रुजत गेली. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी त्याआधीच पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली होती : कामाचा दर्जा राखणे, कौशल्य वाढवणे आणि काम करणाऱ्याला मानसिक आधार देणे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक सभेत सेविका एकत्र बसतात खऱ्या, पण तेथे प्रामुख्याने पहिलेच कार्य होत आले, तेही लसीकरण, प्रसूती व कुटुंब नियोजन यांच्या आकड्यांपुरते. केंद्र सरकारने 1996 मध्ये कुटुंब नियोजनाची वरून ठरवलेली उद्दिष्टे रद्द केल्यावरही ही सवय सहज सुटली नाही.

बीड जिल्ह्यात ही उणीव अधिक बोचते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेल्या की गरोदर स्त्रियांच्या तपासण्या आणि मुलांचे डोस अर्धवट राहतात. सभेत ती त्रुटी सेविकेच्या नावावर दिसते, पण टोळीसोबत निघालेल्या बाईची पुढची तपासणी कोठे व कशी व्हावी, हा खरोखर एकत्र बसून सोडवण्याचा प्रश्न अहवालाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा सेविकांकडील गावपातळीवरच्या माहितीचे मोल शासनालाही कळले असावे.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर आशा स्वयंसेविका आल्या, आणि त्यांना गावात जाऊन प्रत्यक्ष कामात मदत करण्यासाठी महाराष्ट्रात गटप्रवर्तक नेमल्या गेल्या. सेविकांचे पर्यवेक्षण मात्र आरोग्य सहायिकेकडेच राहिले, आणि तिलाही स्वतःचे अहवाल भरायचे असतात.