रंगाच्या बाटलीतले औषध

आमच्या घराण्यात एका माणसाचे नाव कोणी घेत नसे. ते माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. अकोल्याकडच्या आमच्या खेड्यातून १९५२ साली त्यांना अमरावतीच्या तपोवनात पोचवले गेले. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली उभारलेली ही वसाहत कुष्ठरोग्याला आसरा देई आणि हाताला कामही देई. मी आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर तिथे एकदाच गेलो. आजोबांची बोटे वाकलेली होती, कातडी मात्र निर्मळ. म्हणाले, "रोग कवाचाच गेला, बाबू. एवढीशी पांढरी गोळी खाल्ली अन् गेला."

त्या गोळीचा इतिहास मी पुढे शोधून वाचला.

तिच्याआधी कडूकवठाचे तेल होते. ते पोटात घेतले की ओकारी येई, टोचले की गळू होई, आणि गुण येईलच असा भरवसा नसे. इकडे १९०८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला फ्रोम आणि विटमन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी डॅप्सोन तयार केले होते. त्यांचे लक्ष रंगांच्या रसायनावर होते. रोग्याचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. जवळजवळ तीस वर्षे ते औषध औषध म्हणून कोणाला ठाऊकच नव्हते!

पुढे डोमाक यांनी एका तांबड्या रंगाने जंतुबाधा झालेले उंदीर वाचवले, तेव्हा रंगांच्या कपाटाकडे साऱ्यांचे डोळे वळले. १९३७ साली लंडन आणि पॅरिस येथे डॅप्सोनची उंदरांवर परीक्षा झाली. जंतूंवर ते फार प्रभावी ठरले, पण माणसाला विषारी म्हणून पुन्हा बाजूला पडले. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे डॉ. फॅजेट यांनी त्यापासूनच बनवलेले प्रोमिन कुष्ठरोग्यांच्या शिरेत टोचून पाहिले. जुन्या जखमा भरून येऊ लागल्या. परंतु रोज शीर टोचून घेणे गरिबाला कसे परवडावे?

याचे उत्तर काढले डॉ. कॉक्रेन आणि डॉ. लो यांनी. कॉक्रेन मद्रासजवळ चिंगलपेटला रोग्यांत राहून काम करणारे. मूळ डॅप्सोनच तेलात कालवून त्यांनी टोचले. लो पूर्वी निजामाच्या राज्यात डिचपल्लीला होते. पुढे नायजेरियात त्यांनी तेच औषध अगदी थोड्या मात्रेने पोटातून दिले. विष ठरले होते ते मात्रेमुळे. आपल्या वैद्यांना हे नवे नाही, पण रोग्याच्या उशाशी बसून ती मात्रा ठरवायला माणूस लागतो. शिरेतले महागडे औषध असे गोळीत आले.

जंतूही स्वस्थ बसले नाहीत. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात, हे १९६४ साली पेटिट आणि रीस यांनी मलायातल्या रोग्यांवरून सिद्ध केले. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याचा मार्ग सांगितला. त्यांतले क्लोफाझिमिन डब्लिनला व्हिन्सेंट बॅरी यांच्या प्रयोगशाळेत क्षयावरचे औषध शोधताना हाती आले होते. आयुष्यभराचे औषध आता महिन्यांवर आले.

फ्रायबुर्गची बाटली अशी समुद्र ओलांडून अमरावतीला पोचली. अमरावतीहून आमचे खेडे शंभरेक किलोमीटर. पण बरा झालेला माणूस तेवढी वाट चालून घरी येऊ शकला नाही. गोळीने आपले काम चोख केले होते. दार आम्ही लावून घेतले होते.

ते १९९४ साली गेले. वडील एकटेच गेले आणि शेजाऱ्यांना लग्नाला गेलो होतो म्हणून सांगितले. आता आमच्या शाळेत पोरांच्या अंगावरचे चट्टे तपासायला आरोग्यसेवक येतात, त्या दिवशी मी वर्गाला ही गोष्ट सांगतो. आजोबांचे नाव घेऊन सांगतो.