दाताच्या मुळात मलायाचा चीक

रूट कॅनॉल म्हटलं की पेशंटला भुलीचं इंजेक्शन आणि ड्रिलचा आवाज आठवतो. साफसफाई झाल्यावर मुळात बसवली जाणारी बारीक गुलाबी काडी त्याला बहुधा दिसतही नाही. डेंटिस्ट तिला ‘जीपी पॉइंट’ म्हणतात. जीपी म्हणजे गटापर्चा: मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांतल्या एका झाडाचा गोठलेला चीक.

गरम पाण्यात तो मऊ पडतो, निवला की टणक होतो. तिथले लोक त्याच्या कोयत्याच्या मुठी करत. सिंगापुरातले ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन विल्यम माँटगोमरी यांना तो शस्त्रक्रियेच्या साधनांसाठी उपयोगी वाटला आणि 1843 मध्ये त्याचे नमुने लंडनला गेले. पण त्याला खरा भाव आला तो तारायंत्रामुळे. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहूनही हा चीक कुजत नाही, ओल आत शिरू देत नाही. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानं मुंबई ते एडन समुद्रतळाशी टाकलेली तारही याच चिकाच्या वेष्टनातली. त्यापायी जंगलांची भयंकर नासाडी झाली. चिकासाठी अख्खं झाड आडवं करत. अशी लाखो झाडं गेली.

तारेला हवे तेच गुण दातालाही हवे होते. नस मेली की मुळातल्या पोकळीत जंतू माजतात, आणि साफ केलेली पोकळी नीट बुजवली नाही तर ते पुन्हा शिरतात. पोकळी खरवडायचं हत्यार आधीच आलं होतं. 1838 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून ते बनवलं; आजची ‘फाइल’ त्याचीच वंशज. त्या काळी भूल नव्हती, एक्स-रेही नव्हता. खुर्चीत बसणाऱ्याच्या धीराला दाद द्यायला हवी!

भरायला तेव्हा सोन्याचा पातळ पत्रा वापरत. 1867 मध्ये सेंट लुईसच्या बोमन यांनी त्याजागी गटापर्चा वापरला. एक्स-रे आल्यावर भरण मुळाच्या टोकापर्यंत पोचलं का, हेही कळू लागलं.

आजच्या काडीत गटापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड, शिवाय एक्स-रेत उठून दिसणारे क्षार आणि गुलाबी रंग. नवे पर्याय येत राहतात, तरी डेंटिस्ट हा जुना चीक सोडत नाहीत, त्याला एक व्यवहारी कारण आहे. त्याच मुळात पुन्हा जंतुसंसर्ग झाला, तर उष्णतेनं किंवा द्रावकानं मऊ करून तो बाहेर काढता येतो, आणि दात न उपटता उपचार नव्यानं सुरू करता येतात.