नक्कल करणाऱ्याचा ब्रश आणि गाळलेला सैनिक

युद्धाचे चित्र कोणी काढले, हे आपण विचारतो. त्याची नक्कल कोणी केली आणि नक्कल करताना कोणाला गाळले, हे मात्र सहसा विचारत नाही. संग्रहालयातले मूळ चित्र किती लोक पाहतात? लोकांच्या डोळ्यांसमोर असतात त्या प्रती. कोणी हाताने रंगवलेल्या, कोणी छापलेल्या, कोणी भिंतीवर उतरवलेल्या. प्रतीत जो दिसत नाही, तो हळूहळू इतिहासातूनही जातो. अमेरिकेतल्या दोन चित्रांवरून हे नीट समजून घेऊ.

५ मार्च १७७०. बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच जणांचा जीव गेला. त्यात क्रिस्पस अ‍ॅटक्स होता, आफ्रिकी आणि अमेरिकी आदिवासी वंशाचा. काही आठवड्यांतच पॉल रिव्हियरने या घटनेचे चित्र छापून विकायला काढले. रचना त्याची स्वतःची नव्हती, ती हेन्री पेलहॅमच्या चित्रावरून उचललेली होती. छापलेल्या प्रती हाताने रंगवल्या जात. रंगवणाऱ्याने सैनिकांचे कोट लाल केले, जखमांतले रक्त लाल केले. पण बहुतेक प्रतींत मेलेल्यांचे चेहरे गोरेच राहिले. स्वातंत्र्यासाठी रक्त सांडणारा काळा माणूस एका रंगाच्या फटकाऱ्यात नाहीसा झाला.

दुसरे चित्र जॉन ट्रंबुलचे. १७ जून १७७५ च्या बंकर हिलच्या लढाईत जनरल वॉरन पडला, तो प्रसंग त्याने १७८६ मध्ये रंगवला. पुढे त्याने स्वतःच त्याच्या प्रती केल्या. त्यातली १८३४ ची प्रत हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे. चित्राच्या उजव्या कडेला जखमी लेफ्टनंट ग्रोव्हनर आहे आणि त्याच्या मागे बंदूक धरलेला एक काळा माणूस. ट्रंबुलने चित्राचे वर्णन लिहिले, त्यात या माणसाची ओळख एवढीच, की तो त्या तरुण गोऱ्याच्या सोबतचा निष्ठावान निग्रो. नाव नाही. त्या काळच्या अनेकांनी त्याला पीटर सालेम मानले. सालेम हा मॅसॅच्युसेट्समधला गुलाम, सैन्यात भरती होता यावे म्हणून मुक्त झालेला. आजच्या काही अभ्यासकांच्या मते तो ग्रोव्हनरचा गुलाम असाबा असावा. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे पक्की आणि काळ्याच्या नावावर दोनशे वर्षे वाद! ‘निष्ठावान’ हा शब्दही आपल्याला चांगला ओळखीचा आहे. लढणाऱ्याचे शौर्य मान्य करायचे नसले, की त्याला स्वामिनिष्ठ म्हणून मोकळे होतात.

पण हा नाव नसलेला माणूसही पुढच्या प्रतींना जड झाला. विल्यम कूपर नेल या बोस्टनच्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने १८५५ मध्ये अमेरिकन क्रांतीतल्या काळ्या वीरांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने नोंदवले, की नंतर निघालेल्या प्रतींत हा सैनिक गायबच झाला आहे. त्याच वेळी बोस्टन परिसरातल्या दोन बँकांच्या काही नोटांवर तो अजून दिसतो, हेही त्याने शोधून दाखवले. म्हणजे नेलने प्रती शेजारी ठेवून तपासल्या. अ‍ॅटक्सच्या स्मारकासाठी त्याने १८५१ मध्ये अर्ज केला, तो फेटाळला गेला. बोस्टन कॉमनवर ते स्मारक उभे राहिले १८८८ मध्ये. तोवर नेल हयात नव्हता.

हे सगळे आपल्याशी कसे जोडले जाते? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. ते साम्य इतिहासातून गाळले जाण्यातही आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. तो इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधला, हा आक्षेप आपण दरवर्षी ऐकतो. बांधला त्यांनीच. पण त्या दगडावर ‘नाक’ प्रत्ययाची महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ट्रंबुलच्या चित्रातल्या काळ्या माणसाला जे मिळाले नाही, ते इथे आहे. दगडातले नाव ब्रशने पुसता येत नाही.

चित्रात मात्र ते गाळता येते. आज कोरेगावची लढाई कापडी फलकांवर, भिंतींवर, कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा रंगवली जाते. हे चित्रकार बहुतेक आपल्याच वस्त्यांतले असतात. म्हणून जबाबदारी आपलीच आहे. घोडा, धूर आणि तलवार सगळेच काढतात. आपण स्तंभावरची नावे वाचता येतील एवढी मोठी काढू. कोणाची नक्कल करण्याआधी मूळ पाहू, दोन प्रती शेजारी ठेवू, आणि कडेचा कोणता माणूस कापला गेला ते शोधू. नेलने हे काम पावणेदोनशे वर्षांपूर्वी केले. आपल्या हातात तर मोबाईल आहे.

जय भीम!