अपोलो बंदर, व्याधाचा तारा आणि श्रेयाचा प्रश्न

१/ कुलाब्याची वास्तू उभी राहण्यापूर्वी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीत चाले. १९५२ मध्ये केरळचा एक तरुण तेथे संशोधन साहाय्यक म्हणून रुजू झाला. त्याचे नाव ई. सी. जी. सुदर्शन.

२/ त्याच दशकात इंग्लंडमध्ये निलगिरीत जन्मलेले रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस ताऱ्यांचा व्यास मोजण्याच्या प्रयत्नात होते. मोठ्या दुर्बिणीतही तारा बिंदूच दिसे. दोन आरशांवरच्या प्रकाशलहरी जुळवाव्यात, तर वातावरणाची थरथर आड येई.

३/ त्यांनी लहरी जुळवणेच सोडले. तप्त वस्तूच्या प्रकाशाची तीव्रता क्षणोक्षणी किंचित कमीजास्त होते. आरसे जवळ असता दोहोंवरचे हे चढउतार जुळतात. आरसे दूर नेले की जुळणी ओसरते. तारा जितका मोठा दिसणारा, तितकी ती लवकर ओसरते. त्यावरून व्यास काढता येतो.

४/ १९५६ मध्ये लष्कराच्या जुन्या सर्चलाइटचे दोन आरसे वापरून त्यांनी व्याधाचा कोनीय व्यास मोजला. तो सुमारे ०.००६ विकला भरला. पुढे ऑस्ट्रेलियातील नॅराब्री येथे १८८ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळांवर आरसे फिरवून ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले गेले.

५/ मात्र अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे पटेना. ताऱ्याच्या निरनिराळ्या भागांतून सुटलेले फोटॉन जोडीने कसे पोहोचतील? या वादातून प्रकाशाच्या नव्या पुंजसिद्धांताला चालना मिळाली. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉय ग्लाउबर यांनी तो मांडला.

६/ त्याच वर्षी रॉचेस्टर विद्यापीठातून सुदर्शन यांनी दाखवले की, प्रकाशाची पुंजअवस्था अभिजात संख्याशास्त्रीय वर्णनाच्याच रूपात लिहिता येते. म्हणूनच ताऱ्याच्या प्रकाशाबाबत लहरींचे गणित आणि फोटॉनांचे गणित एकच उत्तर देतात.

७/ २००५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा ग्लाउबर यांना मिळाला. सुदर्शन यांना वगळले गेले. त्यांनी नोबेल समितीकडे लेखी निषेध नोंदवला. निर्णय बदलला नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तकांत मात्र ते सूत्र ‘ग्लाउबर–सुदर्शन’ या जोडनावानेच छापले जाते.

८/ चैत्रातल्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवरून नैर्ऋत्येकडे पाहा. तेथे सर्वांत तेजस्वी दिसणारा तारा तो व्याध. त्याच्या मापनातून उठलेल्या वादाचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक जण याच शहरात, अपोलो बंदरावर, घडला होता.