‘सेल’ : रिकाम्या खोलीचे नाव

इंग्रजी शब्दकोशात ‘सेल’ हा शब्द काढून पाहिला, तर विद्यार्थी गोंधळून जातो. मठातील साधूची खोली, तुरुंगातील कोठडी, पोळ्यातील मधाचे घर, विजेरीतला सेल आणि सजीवांची पेशी, सर्वांना एकच शब्द! (दुकानात लागतो तो ‘सेल’ निराळाच इंग्रजी शब्द आहे, देवनागरीत दोन्ही सारखे लिहितो एवढेच.)

मूळ शब्द लॅटिन, ‘केल्ला’. अर्थ लहान खोली. धान्याची वा मद्याची कोठी म्हणजे केल्ला, आणि देवळात मूर्ती असे तो गाभाराही केल्लाच. पुढे ख्रिस्ती मठांतील एकेकट्या साधूच्या खोलीला हे नाव मिळाले.

विज्ञानात हा शब्द आणला रॉबर्ट हूक यांनी. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांनी बुचाच्या निरीक्षणाची हकिकत दिली आहे. धारदार चाकूने बुचाचा अतिशय पातळ काप काढून त्यांनी तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिला. मधाच्या पोळ्यासारखे कप्पेच कप्पे दिसले. बूच हलके का, ते पाण्यावर तरंगते का, दाबले तर दबते का, या प्रश्नांची उत्तरे त्यांना या हवा भरलेल्या कप्प्यांत मिळाली. मग त्यांनी हिशेब केला. एका इंचात १०८० कप्पे, म्हणून चौरस इंचात ११,६६,४०० आणि घन इंचात सुमारे १,२५,९७,१२,०००. हा गुणाकार वर्गात फळ्यावर अवश्य करून घ्यावा.

पण हूक यांनी पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. सजीवाचा मूलभूत घटक आपल्याला सापडला, असे त्यांना मुळीच वाटले नव्हते. तो विचार रूढ झाला श्लायडेन (१८३८) आणि श्वान (१८३९) यांच्यानंतर. प्राण्यांच्या पेशींना तर भित्तिकाच नसते! १८६१ मध्ये माक्स शुल्त्से यांनी पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, अशी व्याख्या केली. भिंती गेल्या, खोलीचे नाव मात्र राहिले. कांद्याच्या पापुद्र्यापासून सुरुवात करणारे आपले विद्यार्थी पुढे प्राण्यांची पेशीही विटेसारखी चौकोनी काढतात, त्याचे मूळ आम्हाला येथेच दिसते. गालाच्या आतील पेशी त्याच तासाला दाखवाव्यात.

मराठीतल्या ‘पेशी’ला खोलीचा वास नाही, हे बरे झाले. पण तिचीही एक अडचण आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे स्नायू. हिंदीत आजही पेशी म्हणजे स्नायूच, आणि सेलला ‘कोशिका’. हिंदी पुस्तक हाताशी घेऊन शिकवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

विजेच्या सेलची वाट वेगळी. व्होल्टा यांच्या १८०० मधील शोधानंतर लवकरच लाकडी पेटीत कप्पे पाडून बॅटऱ्या तयार होऊ लागल्या. त्यातला एक कप्पा म्हणजे सेल. आपण त्याला ‘घट’ म्हटले. रसायन भरलेल्या भांड्याला घटापेक्षा चपखल शब्द कोणता?

आणि ‘सेल फोन’? १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फिरत्या दूरध्वनीसाठी प्रदेशाचे षटकोनी भाग पाडण्याची कल्पना मांडली गेली. प्रत्येक भागात कमी शक्तीचे प्रक्षेपक ठेवले, की दूरच्या भागात त्याच कंप्रता पुन्हा वापरता येतात. वर्तुळे शेजारी शेजारी मांडली तर मध्ये फटी उरतात, षटकोनांत उरत नाहीत. नकाशावर पुन्हा मधाचे पोळेच उमटले.